एकच रूप, पाच जाती



टावर चौकातून जाताना मनोऱ्यावरील घड्याळाची तबकडी सर्वांना दिसते. आतील चाके दिसत नाहीत. दोन घड्याळांच्या तबकड्या सारख्या असल्या, म्हणून त्यांची यंत्रेही सारखी असतीलच असे नव्हे. कीटकसृष्टीतही असेच घडते. बाह्यरूपाने अभिन्न, परंतु निसर्गात परस्परांशी संकर न होणाऱ्या जातींना ‘सहोदर जाती’ म्हणतात. त्यांचा शोध ही केवळ वर्गीकरणाची हौस नव्हे, हे मी एका डासाच्या उदाहरणाने स्पष्ट करू इच्छितो.

१८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी पाहिले. पुढे भारताच्या ग्रामीण भागात हा रोग पसरविणारा प्रमुख डास म्हणून ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस ओळखला गेला. पंखांवरील गडद-फिकट खुणा व तोंडाजवळील स्पर्शांगांवरील पट्टे पाहून तो ओळखतात. परंतु काही ठिकाणी हा डास विपुल असूनही हिवताप अल्प, असे का?

१९८० साली ग्रीन व माइल्स या संशोधकांनी माद्यांच्या अंडाशयांतील गुणसूत्रे तपासली. त्यांवरील आडव्या पट्ट्यांचा क्रम काही माद्यांत एका भागापुरता उलटा होता. संकर होत असता, तर एका प्रतीत सरळ व दुसरीत उलटा क्रम असलेली संततीही आढळली असती. ती आढळली नाही. म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ या दोन जाती मानल्या गेल्या. नंतर दिल्लीच्या तत्कालीन मलेरिया संशोधन केंद्रातील डॉ. सरला सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सी’ आणि ‘डी’ या जाती दाखविल्या. ‘बी’ ही मुख्यतः गुरांचे रक्त पिणारी. हिवतापाच्या प्रसारात तिचा वाटा नगण्य. गोठ्यांभोवतीच्या डासांचे कोडे असे उलगडले.

तथापि रामेश्वर बेटावर नवा पेच उद्भवला. तेथील डासांची अंडाशयातील गुणसूत्रे ‘बी’सारखीच होती, पण ते माणसांना चावत व हिवताप पसरवीत. नरांचे वाय गुणसूत्र पाहता त्याची घडण निराळी निघाली आणि १९९९ साली ‘ई’ ही पाचवी जात जाहीर झाली. पुढे डीएनएच्या क्रमावरूनही या जाती ओळखण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

यावरून मला एवढेच सांगावयाचे आहे की, कोणताही एकच पुरावा अंतिम मानू नये. बाह्यरूप शोधाचे क्षेत्र ठरविते, गुणसूत्रे व डीएनए जातींमधील सीमा दाखवितात, आणि डास कोणाचे रक्त पितो हे त्याच्या जठरातील रक्ताच्या तपासणीतून कळते. हे तिन्ही साक्षीदार एकत्र आणल्यावाचून निकाल दिला, तर निरुपद्रवी डासांवर फवारणीचा खर्च होईल आणि खरा रोगवाहक मोकळा राहील. त्याची किंमत तापाने फणफणणाऱ्या खेड्यातील मुलाला मोजावी लागेल.