वर उघडणाऱ्या दाराचे गणित

घराचे दार, कपाटाचे दार, वर्गाची खिडकी, मोटारीचे दार : या सर्वांत एक साम्य आहे. त्यांच्या बिजागऱ्या एकाखाली एक बसवलेल्या असतात, म्हणजे दार ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष उभा असतो. यात एवढे विशेष ते काय, असे वाटेल. परंतु हाच अक्ष आडवा केला, तर काय काय बदलते हे पाहण्यासाठी एक छान उदाहरण उपलब्ध आहे. अमेरिकेत हौशी मोटारमालक होंडा सिव्हिकसारख्या साध्या, दोन दारांच्या 'कुपे' मोटारीची दारे बदलून ती कात्रीच्या पात्यासारखी वर उघडतील अशी करून घेतात. त्यासाठी बिजागऱ्यांचे तयार संच विकत मिळतात. काम वरवर बिजागरी बदलण्याचे. पण त्यात यामिकीचा जवळजवळ अर्धा धडा सामावला आहे.

कल्पना आली कोठून?

अशी दारे प्रथम दिसली ती १९६८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात, 'अल्फा रोमिओ काराबो' या नमुना-मोटारीवर. बेर्तोने या इटालियन संस्थेतील मार्चेल्लो गांदिनी हा तिचा रचनाकार. त्यानेच पुढे लॅम्बोर्गिनीच्या 'काउंटाश'ला अशी दारे दिली. तिचा नमुना १९७१ मध्ये जिनिव्हात मांडला गेला व १९७४ पासून ती विक्रीस आली. ही मोटार सुमारे १.०७ मीटर उंच, पण तब्बल १.८९ मीटर रुंद होती. इतक्या रुंद मोटारीचे दार बाजूला उघडायला जागा मिळणे कठीण. शिवाय मागचे नीट दिसत नसल्याने मोटार मागे घेताना चालक दार वर करून उंबऱ्यावर बसे आणि बाहेर डोकावे. म्हणजे तेथे दाराला प्रयोजन होते आणि मोटारीचा सांगाडाच त्या दाराला धरून आखलेला होता. साध्या कुपेचे तसे नाही. तिचा सांगाडा बाजूला उघडणाऱ्या दारासाठी आखलेला असतो.

गुरुत्वाकर्षणाचा हिशेब

समजा, कुपेच्या एका दाराचे वस्तुमान ३० किलोग्रॅम आहे. मागच्या बाकावरील माणसांनाही त्याच दारातून जावे लागत असल्याने ते चांगले लांब, समजा १.३ मीटर असते. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. दाराचे वजन सुमारे ३०० न्यूटन झाले.

हे दार बाजूला उघडताना गुरुत्वमध्य एकाच पातळीत फिरतो. त्याची उंची बदलत नाही, म्हणून स्थितिज ऊर्जाही बदलत नाही. लहान मूलसुद्धा जड दार सहज उघडते याचे कारण हेच. अक्ष आडवा केला, की गुरुत्वमध्य वर चढू लागतो. दार पूर्ण उभे होईपर्यंत तो ५५ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे ३०० × ०.५५ = १६५ ज्यूल कार्य करावे लागते. दार आडवे असताना त्याच्या वजनाचे बिजागरीभोवतीचे आघूर्ण १६५ न्यूटन-मीटर असते. दार जसजसे उभे होते तसतसे ते कोनाच्या कोज्येप्रमाणे घटत जाते : ६० अंशांवर निम्मे, ९० अंशांवर शून्य. म्हणजे सर्वांत जास्त जोर अगदी सुरुवातीलाच लागतो.

प्रत्येक वेळी १६५ ज्यूल कोण देणार? रेल्वेच्या फाटकाच्या दांड्याला मागच्या टोकाशी वजन बांधलेले असते आणि दुकानाच्या शटरमध्ये स्प्रिंग असते. दोन्हींचे काम एकच : खाली येताना सुटणारी ऊर्जा साठवायची आणि वर जाताना परत द्यायची. मोटारीच्या दाराला हे काम वायुदांडा करतो. मागच्या बाजूला वर उघडणारे दार असलेल्या मोटारीत तो तुम्ही पाहिला असेल. बंद नळकांड्यात नायट्रोजन कोंडलेला असतो आणि त्यात दट्ट्यासह एक गज आत-बाहेर सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्र असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना वायूचा दाब सारखाच असतो. त्यामुळे बाहेर ढकलणारे बल दट्ट्याच्या नव्हे, तर गजाच्या काटछेदावर अवलंबून असते.

गज २० सेंटिमीटर सरकतो असे मानले, तर १६५ ज्यूल देण्यासाठी सरासरी १६५ ÷ ०.२ = ८२५ न्यूटन बल हवे. गजाचा व्यास १० मिलिमीटर धरला, तर त्याचा काटछेद ०.७८५ चौरस सेंटिमीटर येतो. यावरून आतला दाब काढा. तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे शंभर पट निघतो! म्हणून जुना वायुदांडा कुतूहलापोटी कापणे, भोसकणे किंवा तापवणे जिवावर बेतू शकते. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे.

वायू आला की तापमानही आले. घनफळ तेच असेल, तर दाब केवल तापमानाच्या सम प्रमाणात बदलतो. २० अंश सेल्सिअसला (२९३ केल्विन) ८२५ न्यूटन देणारा दांडा उणे १० अंशांना (२६३ केल्विन) सुमारे ७४० न्यूटनच देईल. उन्हाळ्यात वर थांबणारे दार कडक हिवाळ्यात हळूहळू खाली का येते, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. १९८१ साली बाजारात आलेल्या डिलोरियन या मोटारीची दारे छताशी जोडलेली होती. ती उचलण्यासाठी वायुदांड्यांच्या जोडीला पोलादाची पिळलेली कांब वापरली होती. ही कांब द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करून पिळलेली असे आणि ती ग्रुमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीने तयार केली होती.

आधी बाहेर, मग वर

साध्या कुपेचे दार सरळ वर नेता येत नाही. त्याची पुढची कड मडगार्डच्या पत्र्यामागे सरकलेली असते, आणि दार वरच्या बाजूला आत कललेले असते. ते तसेच फिरवले तर पत्र्यावर आणि खांबावर आपटेल. म्हणून संचातील बिजागरीला दोन अक्ष असतात. दार आधी नेहमीसारखे थोडे बाहेर येते, मग वर जाते. बाहेर येण्याचा कोन १५ अंश धरला, तर १.३ मीटर लांब दाराचे टोक सुमारे ३४ सेंटिमीटर बाहेर येते. म्हणजे अरुंद जागेत दार उघडता येण्याचा जो मूळ फायदा, त्यातला काही भाग येथेच गेला. यांखेरीज मडगार्डची आतली कड कापावी लागते आणि काच, आरसा व ध्वनिवर्धक यांच्या तारा लांबवाव्या लागतात, नाहीतर दार वर जाताना त्या ताणून तुटतात.

खरा प्रश्न सांध्याचा

मूळ दाराच्या दोन बिजागऱ्यांत समजा ३५ सेंटिमीटर अंतर आहे. दाराचे आघूर्ण त्या दोघी वाटून घेतात : वरची ओढली जाते, खालची दाबली जाते, प्रत्येकीवर १६५ ÷ ०.३५ म्हणजे सुमारे ४७० न्यूटन बल येते. संचातील पट्टी सांगाड्याला मूळ बिजागऱ्यांच्या जागीच बसते, पण दार वर फिरते ते एका आखूड सांध्यावर. सांधा झिजून अर्धा मिलिमीटर सैल झाला असे समजा. आधार ३५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर समरूप त्रिकोणांनुसार दाराचे टोक १.९ मिलिमीटर हलेल. आधार १० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर तेच ६.५ मिलिमीटर हलेल. एवढ्या फरकाने कुलपाची जीभ खाचेत पूर्ण न बसण्याचा धोका निर्माण होतो.

येथे प्रश्न हौसेचा उरत नाही. मोटारीचे दार म्हणजे नुसते झाकण नव्हे. बाजूने धडक बसली की दारातील आडवी तुळई ती पेलते आणि तिचा भार बिजागऱ्या व कुलूप यांच्यामार्फत सांगाड्यात जातो. अमेरिकेच्या २०६ क्रमांकाच्या वाहन-सुरक्षा मानकानुसार बाजूच्या दाराच्या बिजागऱ्यांनी मोटारीच्या लांबीच्या दिशेने ११,००० आणि आडव्या दिशेने ९,००० न्यूटन भार सोसला पाहिजे. वरच्या हिशेबात रोजच्या वापरातील बल शेकड्यांत होते. अपघाताचे बल हजारांत असते. दार दहा हजार वेळा सुरळीत उघडले, म्हणून ते अपघातात टिकेल असे सिद्ध होत नाही.

मोटार उलटली तर आणखी एक अडचण येते. जे 'वर' होते ते आता जमिनीकडे असते. मर्सिडीझने २००९ साली दाखवलेल्या 'एसएलएस'ची दारे छतावर बिजागऱ्या असलेली होती. मोटार उलटल्यास ती सुटी व्हावीत म्हणून बिजागऱ्यांत स्फोटक बोल्ट बसवले होते. कारखान्याने इतका विचार केलेला असतो. विकतच्या संचात तो असेलच असे नाही. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार वाहनाचा तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्यामागचे एक कारण वरील आकड्यांत दिसते.

वर्गात करून पाहा

सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी एका छोट्या बिजागरीने टेबलाच्या कडेला बसवा, म्हणजे ती आडव्या अक्षाभोवती वर-खाली फिरेल. मोकळ्या टोकाला ताणकाटा अडकवून पट्टीशी नेहमी काटकोनात ओढा. पट्टी आडवी असताना, मग ३०, ६० आणि ९० अंशांवर किती बल लागते ते नोंदवा. पहिल्या नोंदीशी गुणोत्तर काढले, तर ते अनुक्रमे १, ०.८७, ०.५ आणि शून्याच्या जवळ यायला हवे. आता तीच बिजागरी टेबलाच्या पायाला उभी बसवून पट्टी दारासारखी फिरवा. ताणकाटा घर्षणाएवढेच बल दाखवील. शेवटी आडव्या अक्षाच्या पट्टीला रबर बँड बांधून ती प्रत्येक कोनात आपोआप तोललेली राहते का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. रबराची टोके कोठे बांधायची यावर त्यांच्यात वाद होईल. तो होऊ द्यावा. वायुदांडा दाराला नेमका कोठे जोडायचा, हा अभियंत्यापुढचा प्रश्नही हाच असतो.