मुंबईत मुद्रित झालेला झांझिबारचा आवाज

१९२८ साली झांझिबारहून मुंबईला आलेल्या प्रवाशांत एक गाणारी बाई आणि तिचे साथीदार होते. ग्रामोफोन कंपनीने त्यांना ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांसाठी गायला बोलावलं होतं. बाईचं नाव सिती बिंती साद. वय पन्नाशीच्या घरात. शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती आणि गाण्यापूर्वी तिने मातीची भांडी विकली होती. स्वाहिली भाषेतली गाणी तबकडीवर उतरून बाजारात आली ती मुंबईतल्या या मुद्रणापासून.

आफ्रिकेतल्या थोर संगीतकारांची आठवण निघाली की मिरियम मकेबा, फेला कुटी, अली फार्का तुरे ही नावं लगेच पुढे येतात, आणि ती यायलाच हवीत. पण मकेबा जगासमोर आली १९५० च्या दशकाच्या शेवटी, फेलाचा आफ्रोबीट त्यानंतरचा. सिती त्यांच्या तीसेक वर्षं आधीची. तिच्यापासून सुरू झालेली परंपरा शंभरीला टेकली आहे. या परंपरेत मुंबईचा वाटा असूनही आपल्याकडे तिची ओळख जवळजवळ नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

सिती गायची ते तारब. हे मुळात राजवाड्यातलं गाणं. १८७० ते १८८८ या काळात झांझिबारच्या गादीवर असलेला सुलतान बारगाश हा त्याचा पहिला आश्रयदाता. गादीवर येण्याआधी, १८५९ च्या फसलेल्या बंडानंतर, इंग्रजांनी त्याला हद्दपार करून मुंबईला पाठवलं होतं आणि दोनेक वर्षं तो इथेच राहिला. सुलतान झाल्यावर त्याने गोव्याच्या वादकांचा बँड पदरी ठेवला, पण मनातली खरी ओढ इजिप्तच्या संगीताची होती. त्याने कैरोहून वादक आणवले आणि मोहम्मद बिन इब्राहिम या आपल्या माणसाला कानून हे तंतुवाद्य शिकायला कैरोला धाडलं. तो शिकून परतला आणि दरबारात वाद्यवृंद उभा राहिला. गाणी अरबी भाषेत, ऐकणारे अमीर-उमराव, गाणारे-वाजवणारे सगळे पुरुष. १९०५ साली झांझिबार शहराच्या स्टोन टाउन या भागातल्या हौशी तरुणांनी ‘इखवानी सफा’ हे मंडळ काढलं, तेव्हाही ही चौकट तशीच राहिली.

ती मोडली सितीने. १८८० च्या सुमारास फुंबा या खेड्यात तिचा जन्म झाला. घराणं गुलामगिरीतून आलेलं. मुलीचं नाव ठेवलं होतं म्टुम्वा, म्हणजे दासी. ‘सिती’ हे मानाचं नाव तिला पुढे गाण्याने मिळालं. घरी मडकी घडवली जायची आणि ती डोक्यावर घेऊन म्टुम्वा गावोगाव हाळी देत फिरायची. दूरवर पोचणारा तो खणखणीत आवाज तिने या फिरस्तीतच कमावला, असं झांझिबारमध्ये आजही सांगतात. कायद्याने गुलामगिरी १८९७ साली संपली होती, पण माणसाच्या कपाळी मारलेला शिक्का कायद्याने लगेच पुसला जात नाही. १९११ साली ती शहरात आली. तिथे अली मुहसिन या तारबच्या जाणकाराने तिचा आवाज हेरला आणि तिला गाण्याची तालीम दिली, अरबी उच्चार शिकवले.

हळूहळू तिच्याभोवती साथीदार जमले. उद वाजवणारा सुबेत बिन अंबार, मोम्बासाचा अंध कलावंत म्बारुक तालसाम, गायक-कवी म्वालिम शाबान. सुलतानाच्या वाड्यातून आणि श्रीमंतांच्या लग्नांतून बोलावणी येऊ लागली. तरी तिचं खरं व्यासपीठ होतं न्गांबो. खाडीपलीकडची ती वस्ती गुलामीतून सुटलेल्यांची, मजुरांची, हातावर पोट असणाऱ्यांची. तिच्या घरी रात्री तालमी चालत आणि वस्ती ऐकायला गोळा होई. दिवसभरात कानावर पडलेल्या बातम्यांवर तिथेच गाणी रचली जात, आणि ती स्वाहिलीत असत. अरबी येत नसलेल्या माणसाला तारब पहिल्यांदा आपलं वाटलं ते या घरात.

मुंबईच्या मुद्रणाचं साल म्हणूनच महत्त्वाचं आहे. त्याच सुमारास न्गांबोतल्या रहिवाशांनी जागेचं भाडं द्यायला नकार देऊन जमीनमालकांविरुद्ध संप पुकारला होता. अशा धगधगत्या वस्तीची गाणी घेऊन सिती मुंबईला आली. बोरीबंदर, ट्राम, गिरण्यांचे भोंगे असं सगळं अंगावर घेणारं ते शहर तेव्हा हिंदी महासागराच्या पश्चिम काठाची बाजारपेठ होतं. गवय्ये आणि गायिका तबकड्यांसाठी इथे येत होत्या. हिराबाई बडोदेकर याच दशकात जाहीर मैफली करू लागल्या होत्या. प्रतिष्ठितांनी ज्यांना माजघरात किंवा माडीवर कोंडून ठेवलं होतं अशा कितीतरी बायकांचे आवाज तेव्हा तबकडीमुळे मोकळे झाले. सितीचं मुद्रण त्याच लाटेत आलेलं.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या तबकड्या हजारोंनी खपल्या. मोम्बासा, दार-ए-सलाम, बंदराबंदरांतल्या चहाच्या दुकानांत त्या वाजू लागल्या. ज्याच्याकडे ग्रामोफोन नव्हता तो दुकानासमोर उभा राहून ऐके. त्यामुळे झांझिबारमधली स्वाहिली बोली दूरच्या गावांत पोचली आणि तिच्याबरोबर झांझिबारची भांडणंही पोचली.

भांडणं म्हणायचं कारण तिची गाणी गोडगोड नव्हती. ‘किजिती’ हे तिचं गाणं एका खऱ्या खुनावर आहे. किजिती नावाच्या माणसाने दार-ए-सलामहून पाहुणी आलेल्या एका स्त्रीवर अत्याचार करून तिला मारलं आणि तो पळून गेला. साक्ष द्यायला आलेल्या तिच्या मैत्रिणींनाच न्यायाधीशाने तुरुंगात टाकलं, त्यांनी दारू विकत घेतली होती म्हणून. वसाहतीच्या न्यायासनाविरुद्ध उघड बोलायची सोय नव्हती. सितीने ते गाण्यात सांगितलं आणि गाणं घरोघरी गेलं. अमेरिकन इतिहासकार लॉरा फेअर हिने या गाण्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. न्गांबोतल्या गरिबांना न्याय कसा मिळत होता, हे समजून घ्यायला ती सरकारी दप्तराइतकीच मोलाची आहेत. सितीच्या रूपावरून आणि कुळावरून विरोधकांनी टवाळीची गाणी रचली, त्यांनाही तिने गाण्यातूनच उत्तर दिलं: चेहरा आणि घराणं बाजूला ठेवा, माणसाची अक्कल बघा.

१९५० साली ती वारली. थोर स्वाहिली लेखक शाबान रॉबर्ट याने तिला भेटून तिचं चरित्र लिहिलं. एका सामान्य घरच्या गायिकेवर त्या भाषेतल्या सर्वांत मोठ्या लेखकाने पुस्तक लिहावं, यावरूनच तिची उंची कळते.

त्यानंतरची वीस वर्षं हिंदी सिनेमाची. झांझिबार आणि मोम्बासाच्या थिएटरांत ‘आवारा’सारख्या चित्रपटांना तुफान गर्दी व्हायची आणि लता मंगेशकरांच्या गाण्यांच्या चाली किनाऱ्यावरच्या पोरासोरांच्या तोंडी असायच्या. तारबवाल्यांनी त्या चाली उचलल्या आणि त्यांवर स्वाहिली शब्द बसवले. मोम्बासात तर हिंदी ढंगाच्या तारबची वेगळी शाखाच फुलली. २०१४ साली वारलेला जुमा भालो हा तिचा सर्वांत लाडका गायक. काहींना हे अनुकरण वाटतं. पण कैरोची वाद्यं, मुंबईची चाल आणि स्वाहिली कवितेची बांधणी एका गाण्यात नांदवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. पलीकडे टांगा शहरात ‘ब्लॅक स्टार म्युझिकल क्लब’ने गिटार आणि नाचता येईल असा ठेका आणून वेगळीच वाट काढली. शकिला या गायिकेचं नाव तिथेच झालं.

जानेवारी १९६४ च्या क्रांतीने सुलतानशाही गेली. कित्येक अरब आणि भारतीय कुटुंबांनी बेट सोडलं. ज्यांच्या आश्रयाने तारब वाढलं होतं ते गेले, पण तारब टिकलं, कारण तोवर ते न्गांबोचं झालं होतं. ‘कल्चर म्युझिकल क्लब’सारख्या मंडळांना नव्या सरकारने हाताशी धरलं.

या सगळ्या उलथापालथीत एक बाई गातच राहिली. फातुमा बिंती बराका, जगाची बी किडूडे. जन्म १९१० च्या आसपासचा, नक्की तारखेची नोंद नाही. वडील नारळविक्रेते. लहानपणी तिने सितीचं गाणं ऐकलं आणि तेच आपलं शिक्षण मानलं. तेरा-चौदाव्या वर्षी नको असलेलं लग्न टाळायला ती पळाली. पुढे बुरखा टाकून, अनवाणी, मुख्य भूमीवरची गावं गात पालथी घातली. वयात येणाऱ्या मुलींच्या उन्यागो विधीत ती ढोल वाजवायची. संसार, शरीर, नवऱ्याशी वागणं, मोठ्या बायका ज्या गोष्टी दार लावून शिकवतात त्या ती गाण्यातून सांगायची. मेंदी काढायची, जडीबुटीची औषधं द्यायची, बिड्या-सिगारेटी ओढायची. परदेशी मंचांवर ती पोचली तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. सितीचं ‘मुहोगो वा जांगोम्बे’ जगाने प्रामुख्याने तिच्या तोंडून ऐकलं. सितीच्या आवाजात धार होती, किडूडेच्या आवाजात खरखर आणि दम. दोघींची तुलना करण्यात अर्थ नाही, पण एकीशिवाय दुसरी घडली नसती हे मात्र खरं. २००५ साली तिला ‘वोमेक्स’ हा जागतिक संगीताचा पुरस्कार मिळाला, २००६ साली तिच्यावर माहितीपट आला. २००४ पासून स्टोन टाउनमध्ये भरणाऱ्या ‘साउती झा बुसारा’ महोत्सवाची ती ओळख बनली. १७ एप्रिल २०१३ रोजी तिचं निधन झालं, तेव्हा देशभर शोक झाला.

आज तारबचा आवाज मोठा झाला आहे. १९९० च्या दशकात कीबोर्ड आले, जुन्या लांबलचक गाण्यांच्या जागी झटपट ठेका आला आणि ‘मिपाशो’ म्हणून ओळखली जाणारी टोमणेबाज गाणी गाजू लागली. ‘कल्चर म्युझिकल क्लब’मधून पुढे आलेली खदिजा कोपा या गाण्यांची राणी. नाव न घेता शेजारणीला, सवतीला, राजकीय विरोधकालाही झोंबेल असं ती गाते. अंगाला लागलेलं गाणं वाजलं की श्रोत्यांतली एखादी बाई उठते, नोट उंच धरून मंचाकडे जाते आणि ती गायिकेच्या हाती देते. कुणाला काय सुनवायचं होतं ते साऱ्या मांडवाला कळतं. जुने जाणकार याला उथळ म्हणतात. चालींबद्दल ते बरोबर असतीलही. पण शेजारपाजारची गोष्ट चारचौघांत गाऊन टाकायची रीत ‘किजिती’पासूनचीच आहे, आणि ती मोडली असती तर तारब केवळ हॉटेलातल्या पर्यटकांपुरतं उरलं असतं.

सितीचं नाव गाण्याच्या बाहेरही गेलं. टांझानियातल्या महिला पत्रकारांच्या संघटनेने, ‘तामवा’ने, आपल्या मासिकाचं नाव ‘साउती या सिती’, सितीचा आवाज, असं ठेवलं. बायकांवरच्या अत्याचारांबद्दल लिहिणाऱ्या मासिकाला याहून योग्य नाव मिळालं नसतं. २०२० साली तिची पणती सिती मुहारम हिने ‘सिती ऑफ उंगुजा’ हा अल्बम काढला. पणजीची जुनी गाणी तिने नव्या ध्वनियोजनेत, इलेक्ट्रॉनिक सुरांच्या साथीने गायली. मुद्रणासाठी या वेळी मुंबई गाठावी लागली नाही.