मरोळचे डिसोझा कुठले?

अंधेरीतल्या मरोळपासून बोरिवलीजवळच्या गोराईपर्यंत डिसोझा, परेरा अशा पाट्या दिसतात आणि लोक खुशाल विचारतात, 'गोव्याचे का?' नाही हो! यातले कितीतरी इथलेच मूळचे ईस्ट इंडियन, घरात मराठीची बोली बोलणारे. 1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पुढे बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावं आली. डिसोझा म्हणजे सोझाचे. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी! परेरा म्हणजे नाशपतीचं झाड, तेही आमच्या ताडामाडांच्या गावांत. 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र 1887 चं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातलं. कारण पोटापाण्याचं: गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती मंडळींची आडनावंही हीच होती, मग नोकऱ्या मिळवताना आपण इथलेच हे सांगायला वेगळं नाव हवं होतं.