टॅब्लेटची पकड : छोट्या विमानाच्या कॉकपिटमधील एका दुर्लक्षित जोडणीचा परिचय

पंचवटीतून निघणारा मुंबई–आग्रा महामार्ग ईशान्येकडे सुमारे वीस किलोमीटर गेल्यावर ओझरला पोहोचतो, जिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग-२१, मिग-२७ आणि पुढे सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमाने बांधली गेली. गोदावरीच्या दक्षिणेला गांधीनगर येथे भूदलाच्या हेलिकॉप्टर-वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि त्यापलीकडे देवळालीला तोफखान्याचे केंद्र आहे. त्यामुळे या परिसरातील आकाश लष्करी उड्डाणे, चाचणी-उड्डाणे आणि तोफांचा मारा यांच्यासाठी निरनिराळ्या क्षेत्रांत विभागलेले आहे, आणि धुळ्याच्या बाजूने नाशिककडे येणाऱ्या एखाद्या छोट्या प्रशिक्षण-विमानाच्या वैमानिकाला आपण या क्षेत्रांच्या सीमेपासून किती अंतरावर आहोत हे प्रत्येक क्षणी ठाऊक असणे अत्यावश्यक ठरते.

हे ज्ञान पूर्वी कागदी नकाशांतून मिळत असे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, तेव्हा दिशा ठरवण्यासाठी त्यांचा भरवसा होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणाऱ्या खुणा यांवरच होता. त्याच सुमारास अमेरिकेत एल्रे जेपसेन हा टपालवैमानिक धावपट्ट्यांची आणि वाटेतील अडथळ्यांची माहिती आपल्या वहीत टिपून ठेवत असे, आणि १९३४ पासून त्या टिपणांच्या प्रती विकल्या जाऊ लागल्यावर छापील उड्डाण-तक्त्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आल्यानंतर काही वर्षांतच नकाशे, तक्ते, हवामान आणि विमानाचे उपग्रहाधारित स्थान एकाच पडद्यावर दाखवणारा टॅब्लेट वैमानिकाच्या बॅगेत आला. अशा उपकरणाला विमानव्यवहारात ‘इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग’ म्हणतात.

येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. ओझरसारख्या कारखान्यात विमानात बसणारा प्रत्येक पडदा आराखड्याचा भाग असतो. त्याची जागा, त्याचे स्क्रू, त्याच्या तारा, त्याची कंपने आणि उष्णता सोसण्याची क्षमता यांची परीक्षा उड्डाणापूर्वीच झालेली असते. दुकानातून आणलेल्या टॅब्लेटला मात्र या परीक्षांपैकी एकही लागू झालेली नसते. तो कॉकपिटमध्ये बसवणारी व्यक्ती नकळत विमानाच्या आराखडाकाराचे काम स्वतःकडे घेते, आणि म्हणून बसवणीचा विचार आराखडाकाराच्याच शिस्तीने झाला पाहिजे.

प्रचलित बसवणी मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिलीत टॅब्लेट पट्ट्याने मांडीवर बांधला जातो. या साधनाला ‘नीबोर्ड’ म्हणतात. त्यात विमानाच्या कोणत्याही भागाला हात लागत नाही, परंतु पडदा पाहण्यासाठी मान वारंवार खाली घालावी लागते, आणि ढगात किंवा रात्री, वळण चालू असताना, डोक्याच्या अशा हालचालीने अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियाची फसगत होऊन विमान भलत्याच दिशेने कलत असल्याचा आभास निर्माण होऊ शकतो. शिवाय गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत वापरल्या जाणाऱ्या डायमंड डीए-४० सारख्या विमानात नियंत्रणाचा दांडा, म्हणजे ‘स्टिक’, वैमानिकाच्या दोन्ही मांड्यांच्या मध्ये असतो, आणि मांडीवरचा रुंद टॅब्लेट त्याच्या बाजूच्या हालचालीला अडवू शकतो.

दुसऱ्या प्रकारात टॅब्लेट ‘योक’वर, म्हणजे सेस्ना १७२ सारख्या विमानात नाक वरखाली करणाऱ्या आणि पंख कलवणाऱ्या हातचाकाच्या नळीवर, क्लॅम्पने आवळला जातो. पडदा नजरेसमोर येतो खरा, पण नियंत्रणाबरोबर तो स्वतःही हलतो. योक पूर्ण पुढे दाबल्यावर तो इन्स्ट्रुमेंट पॅनेलला आणि पूर्ण मागे ओढून वळवल्यावर वैमानिकाच्या गुडघ्याला किंवा पोटाला भिडता कामा नये. तसेच त्याच्या मागे पॅनेलच्या खालच्या भागातील बटणे आणि सर्किट ब्रेकर झाकले जाता कामा नयेत. चार्जिंगची तार योकच्या नळीभोवती गुंडाळली गेली, तर तीही अडथळाच बनते.

तिसरा प्रकार सक्शन कपचा, म्हणजे काचेला चिकटणाऱ्या रबरी वाटीचा. आठ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचे क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस सेंटिमीटर असते, आणि आतील हवा पूर्णपणे काढता आली तर समुद्रसपाटीला वातावरण तिला सुमारे पन्नास किलो वजनाइतक्या बलाने दाबते. दहा हजार फुटांवर हवेचा दाब सुमारे सत्तर टक्के उरत असल्याने हे बल पस्तीस किलोच्या आसपास येते. हिशेबाने हेही पुष्कळ आहे, परंतु प्रत्यक्षात आत थोडी हवा उरतेच, जी उंचीवर प्रसरण पावू पाहते, आणि धुळीचे कण, वक्र पृष्ठभाग व उन्हाने मऊ झालेले रबर यांमुळे कडेतून हळूहळू गळती होते. छोट्या विमानांच्या खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या असल्याने सततच्या ताणाने त्यांवर सूक्ष्म भेगा पडण्याचाही धोका असतो.

दुसरा किंवा तिसरा प्रकार निवडला, तर टॅब्लेट धरणारा हात बहुतेक वेळा गोळा आणि खोबणी यांच्या सांध्याचा असतो, जो हव्या त्या कोनात वळवून आवळता येतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी चालत असेल, तर सेकंदाला चाळीस फेऱ्या होतात आणि सिलिंडरांतील ज्वलनाचे सेकंदाला ऐंशी धक्के बसतात. म्हणून हात जितका लांब, तितकी टोकावरची थरथर अधिक आणि सांधा सैल होण्याची शक्यताही अधिक. आखूड हात आणि मजबूत आधार हा नियम त्यातून निघतो.

बळकटीचे माप मात्र शांत उड्डाणावरून ठरवता येत नाही. लहान विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांत दीर्घकाळ असा निकष होता की आपत्कालीन उतरणीत प्रवाशांना इजा करू शकणाऱ्या कॉकपिटमधील वस्तूंच्या जोडणीने पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या अठरा पट बल सोसले पाहिजे. या मापाने अर्धा किलोचा टॅब्लेट क्षणभर नऊ किलोसारखा वागतो, आणि सुटला तर तो थेट चेहऱ्यावर किंवा पायांच्या पेडलांमध्ये जाऊ शकतो. पेडलांखाली अडकलेली वस्तू सुकाणूच रोखून धरते, हे लक्षात घेतले की सुटणारी जोडणी ही केवळ गैरसोय राहत नाही.

या धोक्याला उष्णतेची जोड मिळते. उत्पादकाने आयपॅडच्या वापरासाठी सांगितलेली तापमानमर्यादा शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस आहे. खानदेशाच्या उन्हाळ्यात उभ्या विमानाचे कॉकपिट ही मर्यादा सहज ओलांडते, आणि तापलेला टॅब्लेट स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो किंवा बंद पडतो. म्हणून मागची बाजू मोकळी ठेवणारी पकड आणि थेट उन्हापासून दूर असलेली जागा यांना जोडणीच्या बळकटीइतकेच महत्त्व आहे. लिथियम बॅटरी पेटण्याच्या शक्यतेमुळे टॅब्लेट क्षणात काढून बाजूला करता आला पाहिजे. आवरण चिकटवण्यासाठी टॅब्लेटमध्ये बसवलेली चुंबके होकायंत्राचा काटा हलवू शकतात. टॅब्लेट जागेवर ठेवून आणि काढून काट्याचे वाचन ताडून पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

नियमनाच्या दृष्टीनेही फरक आहे. हत्यारांशिवाय काढता येणारे उपकरण ‘पोर्टेबल’, म्हणजे सहज काढून नेता येण्याजोगे मानले जाते, तर विमानाच्या सांगाड्यात स्क्रूने पक्का बसवलेला आधार हा विमानातील बदल ठरतो आणि त्याला रीतसर मंजुरी लागते. दोन्हींसाठी कसोटी मात्र एकच : नियंत्रणे मोकळी राहावीत, उपकरणे आणि बाहेरचे दृश्य झाकले जाऊ नये, आपत्तीत बाहेर पडण्याची वाट अडू नये आणि एकदा ठरवलेली स्थिती हलू नये.

या कसोट्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, कारण घट्ट धरलेले उपकरण चटकन निघत नाही आणि नजरेसमोरचे उपकरण काहीतरी झाकतेच. त्यामुळे सर्व विमानांना चालेल अशी एकच उत्तम बसवणी संभवत नाही. म्हणून प्रशिक्षण संस्थांनी प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी एक जागा निश्चित करावी, जमिनीवर योक किंवा स्टिक चारही टोकांपर्यंत फिरवून ती तपासावी, चेकलिस्टमध्ये तिची नोंद करावी आणि टॅब्लेट बंद पडला तर उड्डाण पुरे करण्याइतका कागदी नकाशा जवळ ठेवावा. कारखान्यातील अभियंता एका खिळ्याच्या जागेसाठीही कारण देतो. विद्यार्थी-वैमानिकाला टॅब्लेटच्या जागेसाठी तसेच कारण देता येणे, हा त्याच्या विमानविद्येचा आवश्यक भाग मानला गेला पाहिजे.