वैमानिकांची नियुक्ती, वायुसेनेतील
भारतीय वायुसेनेची वैमानिकीय कलचाचणी उमेदवारास आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्यास उड्डाण शाखा कायमची बंद होते. प्राथमिक उड्डाणशिक्षण हैदराबादजवळील दुंडिगल येथे दिले जाते. त्यानंतर गुणक्रम व सेवेची गरज यांवरून लढाऊ, वाहतूक वा हेलिकॉप्टर यांपैकी शाखा ठरते. उमेदवाराची इच्छा दुय्यम असते. हेलिकॉप्टर-प्रशिक्षण हकीमपेठ येथे होते. पुढील स्थानके मुख्यतः शाखेवर अवलंबून असतात : सुखोई-३० विमानांच्या वैमानिकाची नियुक्ती पुण्याच्या लोहगाव तळावर होऊ शकते. लढाऊ शाखेचे आकर्षण मोठे असले, तरी निबिड अरण्याच्या गडचिरोली जिल्ह्यात हेलिकॉप्टरच उपयोगी पडते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील दुर्गम केंद्रांसाठी मतदान-पथके हेलिकॉप्टरांनी नेण्यात आली. अशा कामगिरीवर वायुसेनेचा वैमानिक तात्पुरता येतो. त्याचे मूळ पथक अन्यत्र असते.