फोटू-लाच्या उतारावरची लिंक

लडाखमधल्या फोटू-लाच्या पश्चिम उतारावरून जाणारी एक ऑप्टिकल फायबर लिंक ऐन फेब्रुवारीत रोज मध्यरात्रीनंतर कमजोर व्हायची, पहाटे पूर्ण बंद पडायची आणि दुपारी ऊन तापलं की आपोआप सुरू व्हायची. केबल तुटली असती, तर ती दुपारीही बंदच राहिली असती. ती तुटलेली नव्हती, कुठंतरी दाबली जात होती. रात्री दाब वाढत होता, दिवसा सैल होत होता. ही जागा शोधून ती दुरुस्त करणाऱ्या टोळीबरोबर मला राहता आलं. फायबर जोडणारे दोन जॉइंटर, तीन मजूर आणि एक ड्रायव्हर एवढीच ती टोळी. मोठ्या जॉइंटरला सगळे ‘अचो-ले’ म्हणत. लडाखीत थोरल्या भावाला आदरानं अशीच हाक मारतात.

कारगिल ते लेह हा रस्ता सुमारे 215 किलोमीटरचा. त्यावरची फोटू-ला ही खिंड 4,108 मीटरवर आहे. श्रीनगर-लेह महामार्गावरचं हे सर्वांत उंच ठिकाण. याच महामार्गावरची झोजी-ला खिंड तिच्याहून बरीच खाली, साडेतीन हजार मीटरवर. पण बर्फ आणि हिमकडे तिथंच जास्त कोसळतात. झोजी-ला बंद झाली की लडाखची श्रीनगरकडची वाट संपते. पूर्वी ती चार-पाच महिने बंद असायची. अलीकडे सीमा सडक संघटनेची माणसं दोन्ही बाजूंनी बर्फ कापत येतात आणि ही मुदत खूप कमी झाली आहे. 2025 मध्ये खिंड 32 दिवसांनी, 1 एप्रिलला उघडली. पण ट्रक थांबले तरी रस्त्याच्या कडेनं पुरलेली केबल थांबत नाही. भाजी येत नाही, गॅसचे सिलिंडर येत नाहीत, मात्र जम्मूच्या वसतिगृहातल्या मुलाचा आवाज येतो. हिवाळ्यात इथल्या घरांना या केबलचा आधार किती वाटतो, ते ती बंद पडल्यावरच समजतं.

दोष रात्री दिसतो, त्यामुळे मोजणीही पहाटेच करावी लागते. बोध खारबूच्या एक्स्चेंजमध्ये अचो-लेंनी ओटीडीआर जोडला, तेव्हा बाहेर पारा शून्याखाली वीसच्या पलीकडे होता. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचे बारीक ठोके सोडतं आणि आतून परत येणारा अंधुक प्रकाश मोजतं. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. परत यायला किती वेळ लागला, यावरून दोषाचं अंतर निघतं. पडद्यावर एक तिरकी उतरती रेघ येते. जिथं ती एकदम पायरीसारखी खाली येते, तिथं घट.

अचो-लेंनी आधी 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजणी घेतली. पायरी लहान होती. मग 1550 वर घेतली, आणि तीच पायरी कितीतरी मोठी झाली. ‘‘पाहा दीदी,’’ ते म्हणाले, ‘‘जोड खराब असता, तर दोन्हीकडे जवळपास सारखंच दिसलं असतं. 1550 वर जास्त घट म्हणजे फायबर वाकलंय. डक्टमध्ये पाणी शिरलंय आणि त्याचा बर्फ होतोय.’’

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. केबल ज्या प्लॅस्टिकच्या नळीतून, म्हणजे डक्टमधून जाते, ती नळी पाण्यानं भरलेली असेल तर वाढणाऱ्या बर्फाला जागाच उरत नाही. तो केबलला दाबतो आणि आतलं फायबर किंचित वाकतं. ते मोडत नाही, पण वाकलेल्या जागी प्रकाश बाहेर निसटतो. डक्ट खोल पुरलेला असेल तर थंडी तिथवर पोचत नाही. आपल्याकडे केबलसाठी 1.65 मीटर खोल चर खणण्याची पद्धत आहे. पण अखंड खडकात इतकं खोल जाता येत नाही. तिथं चर उथळ राहतो आणि वरून काँक्रीटचं संरक्षण देतात. गाडीच्या धक्क्यापासून काँक्रीट केबलला वाचवतं, थंडी मात्र त्यानं अडत नाही.

यंत्रानं अंतर दाखवलं, तरी जागा लगेच सापडत नाही. ओटीडीआर केबलची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. दर दोनेक किलोमीटरवर जोड असतो आणि प्रत्येक जोडापाशी, पुढं दुरुस्तीला लागेल म्हणून, केबलचं वेटोळं राखून ठेवलेलं असतं. अचो-लेंच्या वहीत प्रत्येक जोडाचं अंतर, वेटोळ्याची लांबी आणि रस्त्याकडेची खूण लिहिलेली होती. खूण कधी पुलाचा कठडा, कधी छोर्तेन (बौद्ध स्तूप), कधी नुसता मोठा दगड. त्यांनी जवळच्या जोडापासून उलटं मोजलं आणि बर्फात पहार रोवली. जमीन उघडल्यावर डक्टचे तुकडे जोडणारा खराब कपलर त्या पहारेपासून चार पावलांवर निघाला.

पण जमीन उघडणं हेच अर्ध्या दिवसाचं काम. गोठलेल्या मातीवर टिकाव मारला की ठिणगी उडते. मजुरांनी आधी बर्फ बाजूला केला, त्या जागेवर लाकूड आणि शेण्या पेटवल्या, तासाभरानं राख ओढली आणि वरचा मऊ झालेला थर काढला. पुन्हा विस्तव, पुन्हा टिकाव. डक्ट दिसू लागल्यावर मात्र विस्तव बंद. प्लॅस्टिक वितळेल म्हणून. तिथून पुढं गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यांनी शेकत, खुरप्यानं माती काढत काम चाललं. हॅक्सॉनं डक्ट कापला तेव्हा आत पांढरा, घट्ट बर्फ होता आणि त्यात केबल चेपून एका बाजूला गेलेली. तेवढा तुकडा काढून नवा घालायचा ठरला. म्हणजे दोन टोकांना दोन जोड. केबल 24 फायबरची, तेव्हा एकूण 48 जोडण्या.

चालू लिंक कापायची तर शटडाऊन घ्यावा लागतो. दुपारी दोष नसतानाही आता फोन बंद राहणार होते. वरून परवानगी आली आणि अचो-ले गाडीच्या मागच्या भागात शिरले. दोन्ही बाजूंनी ताडपत्री सोडली, कारण वारा लागला तर फायबरची टोकं वितळवून जोडणाऱ्या स्प्लायसरचा विजेचा आर्क हलतो. आत शेगडी ठेवायची नाही. फायबर पुसायला अल्कोहोल वापरतात आणि त्याची वाफ पेट घेते. तेव्हा थंडी सोसायचीच. स्प्लायसरची बॅटरी धाकट्या जॉइंटरनं सकाळपासून गोंछाच्या, म्हणजे लडाखी झग्याच्या आत, पोटाशी धरून ठेवली होती. थंड बॅटरी चार-सहा जोडांत दम टाकते.

काम सुरू करण्याआधी अचो-लेंनी दोन फालतू फायबर जोडून आर्क जुळवून घेतला. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो. विरळ हवेत विजेचा आर्क वेगळा वागतो. सपाटीवर जुळवलेलं यंत्र इथं तसंच वापरलं तर जोड कच्चा राहतो.

मग हातमोजे निघाले. हे काम उघड्या बोटांशिवाय होतच नाही. केबलमधली जेली थंडीनं घट्ट झालेली. ती पुसून काढल्यावर रंगीत फायबर सुटे झाले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमानं. रहदारी ज्यांवर चालते ते आधी जोडायचे. रंगाचं आवरण सोललं की उरतो तो 125 मायक्रॉन जाडीचा काचेचा तंतू, आणि त्याच्या गाभ्यात अवघ्या नऊ मायक्रॉनची प्रकाशाची वाट. अचो-लेंनी तो अल्कोहोलनं पुसला, क्लीव्हरवर ठेवून काटकोनात कापला. उडालेला तुकडा चिकटपट्टीवर घेऊन डबीत टाकला. हा तुकडा बोटात गेला तर दिसत नाही आणि काढताही येत नाही, म्हणून काम चालू असताना गाडीत कुणी काही खात नाही. दोन टोकं स्प्लायसरमध्ये समोरासमोर ठेवून झाकण लावलं. पडद्यावर दोन राखाडी दांडे हळूहळू जवळ आले, मधे क्षणभर उजेड झाला आणि दांडा एक झाला. खाली आकडा: 0.02 डेसिबल. त्यावर लहानशी नळी सरकवून भट्टीत आवळून घ्यायची. एरवी हे मिनिटाभरात होतं. या थंडीत बराच जास्त वेळ लागतो.

अल्कोहोल उडून जाताना बोटांतली उरलीसुरली ऊबही घेऊन जातं. दर थोड्या जोडांनंतर अचो-ले दोन्ही हात काखेत दाबून बसत आणि धाकटा जॉइंटर पुढं होई. एकदा पडद्यावर 0.18 आलं. लिंक तेवढ्यानंही चालली असती. अचो-लेंनी तो जोड कापला आणि पुन्हा केला. ‘‘आज चालेल. पण पुढच्या हिवाळ्यात कुणाला तरी यासाठी परत इथं यावं लागेल,’’ एवढंच ते बोलले.

या उतारावर त्या दिवशी मोबाईलचा उपयोग नव्हता, कारण टॉवरला जोडणारी वाटच आम्ही कापली होती. एक्स्चेंजमध्ये बसलेल्या सहकाऱ्याशी बोलायला त्यांनी टॉक-सेट लावला. हे लहानसं यंत्र रिकाम्या फायबरवर प्रकाशातून आवाज पाठवतं. ‘‘निळा बघ.’’ ‘‘आला, अचो-ले. स्वच्छ आला.’’ नुकत्याच जोडलेल्या काचेतूनच तो जोड नीट झाल्याची खबर येत होती.

शटडाऊनच्या काळात मी खाली गावात जाऊन आले. दुकानात पैसे मोबाईलवरून जात नव्हते, म्हणून दुकानदार वहीत उधारी मांडत होता. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना एका गरोदर बाईबद्दल कारगिलच्या डॉक्टरांना विचारायचं होतं. गाडी पाठवायची की नाही हे त्या एका फोनवर ठरणार होतं. एक आजी मुलाच्या विमानाची चौकशी करत होत्या. लेहची बहुतेक विमानं सकाळीच येतात-जातात आणि हिवाळ्यात हवा बिघडली की रद्द होतात. मुलगा दिल्लीत अडकला की लेहला उतरला, हे कळायला मार्ग नव्हता. चहाच्या टपरीत माण तालुक्यातला एक जवान भेटला, सुट्टी संपवून युनिटकडे निघालेला. मी मराठी बोलतेय म्हटल्यावर त्यानं पहिलं तेच विचारलं, ‘‘ताई, सांजच्याला रेंज येईल का? आईला म्हणलंय, सातला फोन करतो. नाही केला तर ती जेवत नाही.’’

नर्सबाईंनी शेवटी डॉक्टरांची वाट न बघता गाडी बोलावली. त्यांनी केलं ते योग्यच होतं. पण डोंगरातल्या एका उथळ चरामुळे त्यांना हा निर्णय एकट्यानं घ्यावा लागला, हे मला त्या दिवसातलं सर्वांत गंभीर वाटलं.

बर्फात राहणाऱ्या माणसांना दुसरी वाट लागतेच, हे लडाखमध्ये जुन्या पिढ्यांनाही ठाऊक होतं. झंस्करची खिंड बंद झाली की तिथले लोक गोठलेल्या नदीवरच्या बर्फाच्या ‘चादरी’वरून चालत लेहकडे येत. झोजी-ला बंद असताना हवाई दलाची एएन-32 विमानं ‘कारगिल कुरियर’ म्हणून अडकलेल्या माणसांची ने-आण करतात. 1971 मध्ये लेहला आकाशवाणीचं केंद्र आलं. मध्यमलहरींवरचा आवाज डोंगराआडच्या गावातही ट्रान्झिस्टरवर मिळू लागला. जिथं केबल पोचत नाही तिथं उपग्रहाची डिश असते. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून जवळपास 36 हजार किलोमीटरवर, त्यामुळे प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. डिशवर साचलेला बर्फही कुणाला तरी चढून झाडावा लागतो. यातली कुठलीच सोय पुरेशी नाही. पण एक बंद पडली की दुसरी थोडा भार घेते, म्हणून माणूस तुटत नाही.

फायबरला हेच करायचं तर लिंक वर्तुळात जोडावी लागते, म्हणजे एका बाजूनं तुटली की रहदारी उलट्या बाजूनं फिरते. 2019 मध्ये श्रीनगर-लेह उच्चदाब वाहिनी सुरू झाली. अशा मनोऱ्यांवरच्या सर्वांत वरच्या तारेत फायबर घालता येतं. तिथं ना चर, ना साचलेलं पाणी. हे तंत्र नवं नाही. अडतं ते हिशेबापाशी. 2011 च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती, आणि ती सुमारे 59 हजार चौरस किलोमीटरवर पसरलेली. माणशी खर्च काढला तर दुसरी वाट कधीच परवडणार नाही. म्हणून तो हिशेब इथं लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. दवाखान्याचा फोन किती लोक वापरतात यावरून त्याची गरज ठरत नाही. ज्या रात्री तो लागत नाही, त्या रात्री काय होतं यावरून ती ठरते.

दुसरी गोष्ट माणसांची. अचो-लेंच्या टोळीतल्या कुणालाच कायमची नोकरी नाही. हंगामाचं कंत्राट संपलं की काम संपतं. त्यांच्या वहीतली वेटोळी आणि खुणा दुसऱ्या कुठल्याही नकाशात नाहीत. 48 जोडण्यांपैकी एकही कच्ची न ठेवणारा माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाला लागला, तर ते नुकसान कुठल्याच अहवालात दिसणार नाही. अशा माणसांना बारमाही पगार, खिंडीपाशी वाऱ्यापासून आडोसा देणारी एखादी खोली आणि हाताखाली शिकणारी दोन पोरं मिळायला हवीत. उच्चदाब वाहिनीच्या खर्चापुढं हा खर्च किरकोळ आहे.

लिंक सहाच्या आधी परत आली. डक्टची तोंडं बंद करून, नवा कपलर लावून, वाळू आणि खुणेची पट्टी घालून चर बुजवला. दुसऱ्या दिवशी पहाटे अचो-लेंनी पुन्हा ओटीडीआर जोडला. दोन्ही तरंगलांबींवर रेघ सरळ उतरत गेली. तरी वहीत त्यांनी त्या जागेसमोर लाल पेननं लिहिलं, की इथं खडक फोडून चर खोल करायला हवा. अशी लाल नोंद असलेल्या आणखीही जागा त्या वहीत आहेत. जमीन मोकळी असते ती मे ते ऑक्टोबर. या वर्षी त्यातल्या किती जागांचं काम मंजूर होतं, यावर पुढच्या फेब्रुवारीत नर्सबाईंचा फोन लागेल की नाही, हे ठरणार आहे.