रेकॉर्डरची भरलेली डिस्क आणि हरवलेले दिवस

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण झाले आणि त्यांची हत्या करण्यात आली. साऱ्या महाराष्ट्राला हादरवणाऱ्या या प्रकरणात पुढे जे सीसीटीव्ही चित्रण चर्चेत आले, त्यांपैकी एक केज शहरातील 29 नोव्हेंबरचे होते. म्हणजे हत्येच्या 10 दिवस आधीचे. त्यापूर्वी 30 ऑक्टोबर 2023 रोजी बीड शहरात आणि माजलगावात जाळपोळ झाली, तेव्हाही त्यात कोण सामील होते हे शोधण्यासाठी पोलिसांनी ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांचा आधार घेतला. कोणत्या दिवसाचे दृश्य पुढे मोलाचे ठरेल, हे त्या दिवशी कळत नाही. अनेकदा ते आठ-दहा दिवसांनी, कधी महिन्याने कळते.

या पार्श्वभूमीवर एक साधा प्रश्न प्रत्येक व्यापारी कुटुंबाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. आपल्या घरातील किंवा पेढीवरील रेकॉर्डर 10 दिवसांपूर्वीचे दृश्य आज दाखवू शकेल काय? कॅमेरे बसवताना त्यांची संख्या, चित्राची स्पष्टता आणि किंमत यांची चौकशी कसोशीने होते. चित्रण किती दिवस टिकेल, हे मात्र क्वचितच विचारले जाते. चोरी झाल्यावर, गोदामातील पोती कमी भरल्यावर किंवा गल्ल्याचा हिशेब न जुळल्यावर मागचे दृश्य शोधू जावे, तर पडद्यावर रिकामा दिनांक दिसतो. कॅमेरा चालू होता. चित्रण मात्र नव्हते.

पाने संपलेली रोजकीर्द

रेकॉर्डरमधील हार्ड डिस्क ही मोजक्याच पानांची रोजकीर्द आहे. शेवटचे पान भरले की दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर मुनीम लिहिणे थांबवतो, किंवा पहिले पान पुसून त्यावर आजची नोंद करतो. दुसरी पद्धत ज्या सोयीमुळे चालते तिला ‘ओव्हरराइट’ म्हणतात. ती बंद असेल, तर डिस्क भरताच नवे चित्रण थांबते. यातील खरा धोका असा, की पडद्यावरील चालू दृश्य तसेच दिसत राहते. भ्रमणध्वनीवरही दुकान दिसते, म्हणून सर्व ठीक आहे अशी समजूत होते आणि महिनोन्‌महिने काहीही साठत नाही.

हे तपासण्यास पाच मिनिटे पुरतात. रेकॉर्डरच्या मेनूतील ‘स्टोरेज’ किंवा ‘एचडीडी’ या भागात डिस्कची स्थिती दिसते. तेथे ‘नॉर्मल’ ऐवजी ‘फुल’, ‘एरर’ किंवा ‘अनइनिशियलाइज्ड’ असे लिहिलेले असेल, तर यंत्राने धोक्याची सूचना दिली आहे असे समजावे. त्याच भागात ओव्हरराइट चालू आहे का ते पाहावे. नंतर ‘प्लेबॅक’मध्ये जाऊन काल रात्रीचे दृश्य प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि सर्वांत जुना दिवस कोणता मिळतो याची नोंद करावी. डिस्क भरल्यास किंवा बिघडल्यास यंत्राने आवाज करून कळवावे, अशीही सोय बहुतेक रेकॉर्डरमध्ये असते. कटकट नको म्हणून पुष्कळ घरांत हा आवाज बंद केलेला असतो. तो चालू ठेवावा.

आधी दिवस ठरवावेत

किती दिवसांचे चित्रण हवे हे ज्याच्या त्याच्या व्यवहारावर अवलंबून आहे. पोलीस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात 18 महिन्यांची आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एक वर्षाची अट घातली. घराला आणि दुकानाला एवढ्याची गरज नाही. तथापि सम्मेदशिखरजीच्या यात्रेला कुटुंब बारा-पंधरा दिवस गेले आणि रेकॉर्डर जेमतेम आठवडाभराचे दृश्य ठेवत असेल, तर घर बंद असतानाच्या पहिल्या काही दिवसांचा पुरावा परत येईपर्यंत पुसला गेलेला असेल. अडत दुकानात मालाच्या तक्रारी महिन्याच्या हिशेबाच्या वेळी निघतात. म्हणून घर व दुकान दोहोंसाठी 30 दिवस हा व्यवहार्य हिशेब ठरतो.

याचे गणित सोपे आहे. कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती पाठवतो, त्याला ‘बिटरेट’ म्हणतात. 1 एमबीपीएस बिटरेटचा एक कॅमेरा चोवीस तासांत 10.8 जीबी जागा व्यापतो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा 2 एमबीपीएसवर ठेवला, तर दिवसाला 21.6 जीबी लागतात. असे 4 कॅमेरे असल्यास 1 टीबीची डिस्क सुमारे 11 दिवसांत भरते. 8 कॅमेरे असल्यास सहा दिवसही पुरत नाही. 4 कॅमेऱ्यांचे 30 दिवस ठेवण्यास सुमारे 2.6 टीबी, तर 8 कॅमेऱ्यांसाठी सुमारे 5.2 टीबी जागा हवी. दुकान वाढले, कॅमेरे चाराचे आठ झाले आणि डिस्क मात्र जुनीच राहिली, तर टिकणारे दिवस निम्म्यावर येतात.

खर्च आधी, खरेदी नंतर

नवी डिस्क घेण्यापूर्वी आहे त्या जागेचा अपव्यय थांबवावा. रेकॉर्डर आणि कॅमेरे यांना जमत असेल, तर चित्रणाची पद्धत ‘एच.264’ वरून ‘एच.265’ करावी. तेवढ्याच स्पष्टतेसाठी तिला सुमारे निम्मी जागा पुरते. प्रतिसेकंद 25 चित्रांऐवजी 12 ते 15 चित्रे ठेवली तरी माणूस, वाहन आणि हालचाल व्यवस्थित ओळखू येते. जिन्यातील किंवा मागच्या अंगणातील कॅमेऱ्याचा बिटरेट कमी ठेवावा. गल्ला, मुख्य दार आणि माल चढवण्या-उतरवण्याची जागा येथे मात्र काटकसर करू नये. चेहरा किंवा गाडीचा क्रमांक वाचता आला नाही, तर महिनाभराचे चित्रणही निरुपयोगी ठरते.

हालचाल झाली तरच चित्रण करावे, अशी सोयही असते. रात्री बंद असलेल्या गोदामासाठी ती उपयुक्त आहे. परंतु वाऱ्याने हलणारी कडुनिंबाची फांदी, रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांचे दिवे किंवा पाऊस यांनाही यंत्र हालचालच समजते. म्हणून पडद्यावर दार आणि ओट्यापुरताच भाग निवडून द्यावा. नव्या यंत्रांत केवळ माणूस किंवा वाहन ओळखण्याची सोय असते, ती वापरावी. दुकानाच्या वेळेत गल्ल्यावरील चित्रण सलग असावे आणि शटर उतरल्यावर हालचालीपुरते, अशी वेळापत्रकाची विभागणी उत्तम चालते.

डिस्क बदलताना

एवढे करूनही दिवस कमी पडत असतील, तर मोठी डिस्क घेणे योग्य. संगणकासाठीची साधी डिस्क येथे फार काळ टिकत नाही, कारण रेकॉर्डर अहोरात्र लिहीत असतो. पाळतीच्या कामासाठीच बनवलेली डिस्क मिळते व तिला बहुधा 3 वर्षांची हमी असते. जुना रेकॉर्डर कमाल किती टीबीची डिस्क स्वीकारतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून मगच खरेदी करावी.

नवी डिस्क बसवल्यावर ती ‘फॉरमॅट’ करावी लागते. जुन्या डिस्कवर हीच कृती केली, तर सर्व चित्रण नाहीसे होते. डिस्क बिघडल्याची सूचना दिसताच फॉरमॅट करण्याची घाई अनेक ठिकाणी होते. त्यावर एखाद्या घटनेचे दृश्य असण्याची शक्यता असेल, तर डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि नवी बसवावी. डिस्कमधून टकटक आवाज येणे, दृश्य मध्येच अडकणे, अधलेमधले तास गायब असणे ही बिघाडाची लक्षणे आहेत.

उन्हाळा, वीज आणि घड्याळ

बीड जिल्ह्यातील उन्हाळा आणि विजेचा लपंडाव दोन्ही या यंत्राला मानवत नाहीत. रेकॉर्डर कपाटात कोंबून वर वह्यांचा ढीग ठेवू नये. सभोवती हवा खेळती असावी आणि धूळ वेळोवेळी झटकावी. जिनिंगच्या आवारात तर कापसाचे तंतू जाळीत अडकून बसतात. वीज अचानक गेली की लिहिणे अर्धवट राहते आणि डिस्कला इजा होते. म्हणून रेकॉर्डर, कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा आणि राउटर हे तिन्ही यूपीएसवर असावेत.

रेकॉर्डरचे घड्याळ आत बसवलेल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ती संपली, की वीज जाताच दिनांक अनेक वर्षे मागे जातो. चित्रण होत राहते, पण चुकीच्या तारखेखाली साठते आणि शोधताना सापडत नाही. पुरावा म्हणून ते दाखवताना तर पहिली शंका येथेच निघते. बॅटरी स्वस्त असते. ती वेळीच बदलावी आणि यंत्राची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी व्यवस्था करावी.

छोट्या वायफाय कॅमेऱ्यांत चित्रण मेमरी कार्डावर होते. सतत लिहिण्याने कार्ड झिजते आणि काही वेळा ते केवळ वाचता येण्याजोगे उरते. ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे कार्ड खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे. चोराने कॅमेराच नेला, तर कार्डही त्याच्यासोबत जाते. क्लाउडवरील साठवण हा पर्याय आहे, परंतु तो मासिक शुल्कावर आणि इंटरनेटवर अवलंबून असतो. ऑक्टोबर 2023 मधील हिंसाचारानंतर जिल्ह्यात इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी घरातील डिस्कच कामी येते. तेव्हा क्लाउड जोडीला असावा, एकमेव आधार नसावा.

घटना घडल्यास

चोरी किंवा अपघात लक्षात येताच पहिले काम चित्रणाची प्रत काढणे हे असावे, कारण ओव्हरराइट कोणासाठी थांबत नाही. घटनेआधीचा आणि नंतरचा किमान एक तास पेनड्राइव्हवर घ्यावा. भ्रमणध्वनीने पडद्याचे चित्रीकरण करणे म्हणजे प्रत काढणे नव्हे. प्रत काढल्यावर मूळ डिस्क तशीच राखणे सर्वांत सुरक्षित.

असे चित्रण न्यायालयात कसे टिकते, याविषयीचा देशातील महत्त्वाचा निर्णय शेजारच्या जालन्यातून गेलेला आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नंतर, या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण पुराव्यात आले. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले, की मूळ यंत्र हजर न करता प्रत सादर केल्यास तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये हीच तरतूद आहे. प्रमाणपत्राचा एक भाग यंत्राची जबाबदारी असणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवतात, म्हणजे नंतर फेरफार झाल्यास तो उघड होतो. पोलिसांनी रेकॉर्डर किंवा डिस्क ताब्यात घेतल्यास पंचनाम्यात तिचा अनुक्रमांक लिहिला गेला आहे ना, हे पाहून त्याची प्रत मागावी.

पेढीवर महिनाअखेरीस शिल्लक जुळवण्याची शिस्त व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच दिवशी रेकॉर्डरचेही चार रकाने तपासावेत: डिस्कची स्थिती, सर्वांत जुना उपलब्ध दिवस, घड्याळ आणि काल रात्रीचे दृश्य. हे काम घरातील एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे. यंत्राचा पासवर्डही तिच्याखेरीज आणखी एका विश्वासू सदस्याला ठाऊक असावा, म्हणजे गरजेच्या वेळी शोधाशोध होणार नाही. यात्रेस किंवा लग्नकार्यास निघण्यापूर्वी कुलपे तपासताना हे चार रकानेही एकदा नजरेखालून घालावेत.